खान्देशच्या हवेत कोणता सेंट मारावा? पहिली बाटली घेणाऱ्या पुरुषांसाठी

परफ्युमवर सल्ले देणाऱ्या बहुतेकांनी भुसावळचा मे महिना पाहिलेला नसतो. त्यांच्या यादीत पहिल्या नंबरावर असलेली बाटली इथे भर दुपारी अंगावर मारली, की एसटीत शेजारी बसलेला माणूस खिडकीची काच सरकवायला लागतो. पारा ४४-४५ अंशांवर गेला की वास फुलत नाही, उसळतो. आणि डिसेंबर-जानेवारीत धुळ्याची रात्र सहा-सात अंशांवर उतरली, की तीच बाटली एकदम शहाण्यासारखी वागते.

आजवर डिओवर भागवलेल्या आणि आता पगारातून पहिली बरी बाटली घ्यायचं ठरवलेल्या माणसासाठी हे लिहितोय. मी हौशी माणूस, दुकानदार नाही. सांगायचं ते एवढंच, की बाटली दुकानात आवडून उपयोग नाही. ती आपल्या अंगावर, आपल्या उन्हात, आपल्या कामाच्या दिवसात कशी वागते ते बघा आणि मग पैसे टाका.

आधी एवढं जमवून ठेवा

- दोन मिलिच्या तीन-चार ट्रायल कुप्या. कंपनीचे सॅम्पल मिळाले तर उत्तम, नाहीतर मोठ्या बाटलीतून काढून विकतात ते डिकँट. दोन मिलित साधारण वीस फवारे निघतात, म्हणजे आठवडाभर सहज पुरतं.
- जाडसर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या. ड्रॉइंगचा कागद कापून घेतला तरी चालतो.
- छोटी वही आणि पेन. मोबाइलमध्ये लिहिलं तरी हरकत नाही, पण लिहा.
- बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा साधं व्हॅसलीन.
- तुरटीचा खडा.
- बजेटचा आकडा, घरातून निघतानाच ठरवलेला. काउंटरवर ठरवलेला आकडा नेहमी वाढतो.

१. बाटलीवरची अक्षरं आधी वाचा

परफ्युम म्हणजे सुगंधी तेलं आणि अल्कोहोल. तेलाचं प्रमाण किती, यावर नाव ठरतं. ओ द कोलोनमध्ये साधारण २ ते ४ टक्के, ओ द तॉयलेत म्हणजे ईडीटीमध्ये ५ ते १५, ओ द पार्फम म्हणजे ईडीपीमध्ये १५ ते २०, आणि नुसतं पार्फम किंवा एक्स्ट्रे लिहिलं असेल तर त्याच्याही वर. आकडे ढोबळ आहेत. प्रत्येक कंपनी आपापल्या हिशोबाने लिहिते.

दुकानदार म्हणतो, "ईडीपी घ्या साहेब, जास्त टिकतं." बहुतेकदा ते खरंही असतं. पण एप्रिल-मेमध्ये जड वास रात्रीपर्यंत अंगाला चिकटून राहिला तर ती शिक्षा आहे. शिवाय एकाच नावाच्या ईडीटी आणि ईडीपीमध्ये फरक फक्त पातळ-घट्टपणाचा नसतो, वासच बऱ्याचदा वेगळा बांधलेला असतो. दोन्ही वेगळ्या बाटल्या समजून हुंगा.

डिओ ही वेगळी जात. घामाचा वास बगलेतल्या जिवाणूंमुळे येतो आणि परफ्युमने तो जात नाही. त्यावर परफ्युम मारला तर दोन्ही मिळून तिसराच प्रकार तयार होतो. आंघोळीनंतर ओल्या बगलेत तुरटीचा खडा फिरवा. खडा महिनोन् महिने जातो, त्याला स्वतःचा वास नाही, त्यामुळे वर कोणताही सेंट स्वच्छ उमटतो. माझं मत विचाराल तर पुरुषाने परफ्युमच्या आधी घ्यायची वस्तू ही.

२. वासाची घराणी ओळखा

"कसला वास हवा?" या प्रश्नाला "चांगला" एवढंच उत्तर देऊन दुकानातून सुटका होत नाही. म्हणून ही तोंडओळख.

लिंबूवर्गीय वास, म्हणजे बर्गमॉट, लिंबू, ग्रेपफ्रूट, सगळ्यात ताजे आणि सगळ्यात आधी उडणारे. जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ पासून फारिना घराण्याने जे विकलं ते याच जातीचं, आणि कोलोन हे नाव तिथलंच.

फुजेर म्हणजे लव्हेंडर, ओकमॉस (ओकच्या झाडावरचं शेवाळासारखं दगडफूल) आणि कुमारिन (वाळल्या गवतासारख्या गोड वासाचं रसायन) यांची बांधणी. १८८२ मध्ये हूबिगां या फ्रेंच घराण्याने फुजेर रोयाल काढला, त्यात प्रयोगशाळेत बनवलेलं कुमारिन होतं, आणि पुरुषांच्या वासाचा साचा तिथून पडला. सलूनमध्ये दाढीनंतर जो "पुरुषी" वास येतो तो या घराण्याचा लांबचा नातेवाईक.

त्यानंतर समुद्री किंवा पाणीदार वास. लाकडी वास, ज्यात सिडार, चंदन, पाचोली आणि वाळा येतात. बाटलीवर वेटिव्हर लिहिलेलं असतं तो आपला वाळाच. मग व्हॅनिला, टोंका, दालचिनी, अंबर यांचे गोड-मसालेदार वास. आणि शेवटी चामडं, ऊद वगैरे जड मंडळी.

जाता जाता एक गंमत. मोगऱ्या-जाईच्या वासात बेन्झिल ॲसिटेट नावाचं रसायन असतं आणि त्यात पिकलेल्या केळ्याची छटा असते. रावेर-यावलकडच्या माणसाला फुलांच्या परफ्युममध्ये केळीची वखार आठवली तर त्याचं नाक बिघडलेलं नाही, उलट तयार आहे.

३. दुकानात नाक सांभाळा

जळगावात फुले मार्केट, धुळ्यात आग्रा रोड अशा ठिकाणी दुकानं भरपूर आहेत, पण सगळ्या बाटल्यांचे टेस्टर उघडे मिळतील असं नाही. महागड्या बाटल्या हुंगायच्या असतील तर नाशिक, पुणे किंवा सुरतेला जाणं होईल तेव्हा मॉलमधल्या काउंटरसाठी तासभर राखून ठेवा. घ्यायचं काही नाही, फक्त हुंगायचं.

पद्धत अशी. एका वेळी तीन-चार वासांच्या पुढे जाऊ नका. पाचव्यापासून नाकाला सगळं सारखंच लागतं. आधी कागदाच्या पट्टीवर मारा, पट्टीवर नाव लिहा, अल्कोहोल उडायला अर्धा मिनिट द्या, मग हुंगा. पट्टीवर टिकला तोच मनगटावर घ्या. उजव्या मनगटावर एक, डाव्यावर एक, बस.

मनगटं एकमेकांवर घासू नका. घासल्याने "रेणू तुटतात" वगैरे खरं नाही, पण कातडी तापते आणि वरचा हलका वास लवकर उडतो. काउंटरवर वाटीत ठेवलेल्या कॉफीच्या बियांनी नाक साफ होतं यावरही फार विश्वास ठेवू नका. दुकानाबाहेर येऊन मोकळी हवा घ्या, किंवा शर्टाच्या बाहीत आपलाच वास घ्या. तेवढं पुरतं.

इथे हमखास फसगत होते: पहिली दहा-पंधरा मिनिटं जे येतं ते वरचे हलके घटक असतात. कंपन्या हा भाग मुद्दाम देखणा बांधतात, कारण गिऱ्हाईक तेवढाच वेळ काउंटरवर असतं. आपल्याला मात्र पुढचे पाच तास त्या वासाबरोबर काढायचे असतात. म्हणून मनगटावर घेऊन दुकानातून बाहेर पडा. चहा प्या, कामं उरका, तासाने हुंगा. "आजच ऑफर आहे" असं कुणी म्हटलं तरी.

वेळही बघा. शेवभाजी चापून आल्यावर बोटांना काळ्या मसाल्याचा, लसणाचा वास असतो. त्या हाताने बर्गमॉट कळत नाही. नंदुरबारला मिरचीच्या हंगामात पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते, तेव्हा त्या भागात नाकाला झणका सोडून दुसरं काही लागत नाही. मला तरी सकाळी, नाश्त्याआधी नाक सर्वात ताजं वाटतं.

४. एक वास, एक पूर्ण दिवस

ही पायरी गाळू नका. एक कुपी घ्या, सकाळी आंघोळीनंतर दोन फवारे मारा आणि नेहमीचा दिवस काढा: गाडीवरून ऑफिस, बँक, शेत, मार्केट यार्ड, जे असेल ते. त्या दिवशी वासाचं तेल, टाल्कम, दुसरा डिओ काही नको. डोक्याला लावायचं थंडा तेल तर नकोच, त्यातल्या कापूर-मेन्थॉलपुढे हजारोंची बाटलीही हरते.

वहीत चार वेळा लिहा: मारल्याबरोबर, अर्ध्या तासाने, जेवणाच्या सुट्टीत, संध्याकाळी घरी आल्यावर. भाषा जड नको. "लिंबाची साल, मग साबण, दुपारी काहीच नाही" एवढं पुरे. बाजूला हवा लिहा: कोरडं ऊन, दमट, गार.

आपल्याला वास येईनासा झाला म्हणजे तो संपला असं समजू नका. नाकाला सवय झाली की मेंदू तो वास गाळून टाकतो. म्हणून घरातल्या कुणाला तरी विचारा. पण "कसा आहे?" असं नको, "येतोय का?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला लोक तुमचं मन राखून उत्तर देतात.

कोरड्या कातडीवर वास कमी टिकतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात काय, थंडीत काय, कातडी फुटलेलीच असते. फवारा मारण्याच्या जागेवर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. फरक त्याच दिवशी कळतो.

५. ऋतू बघून बाटली: माझ्या अंगावरचे अनुभव

पुढचं सगळं माझ्या कातडीवरचं आहे. तुमच्यावर थोडं इकडेतिकडे होईल.

*मार्च ते जून.* दाविदॉफचा कूल वॉटर १९८८ चा, पियर बूर्दों या परफ्युम बनवणाऱ्या कारागिराने बांधलेला. त्यात डायहायड्रोमर्सेनॉल नावाचं गार, धुतल्यासारखं लागणारं रसायन भरपूर आहे. तेच साबण-डिटर्जंटमध्येही घालतात, त्यामुळे पहिल्यांदा हुंगणारा म्हणतो, "हा तर साबण!" मला तोच त्याचा गुण वाटतो. सकाळी मारून निघालो तर कामावर पोचेपर्यंत नुकतीच आंघोळ केल्यासारखं वाटतं. दुपारपर्यंत जवळपास संपतो, आणि मे महिन्यात दुपारी संपणारा वास मला चालतो. संध्याकाळी परत आंघोळ करायचीच असते.

अरमानीचा ॲक्वा दी जिओ १९९६ चा, आल्बेर्तो मोरिल्लास यांचा. खारी समुद्री हवा, लिंबू, खाली हलकी लाकडं. आपल्याकडे समुद्र नाही म्हणून असेल, पण तापलेल्या हवेत हा वास मला फार बरा वाटतो. घाम आला तरी तो बिघडत नाही, त्याचा खारेपणा घामाशी जुळवून घेतो. उन्हाळ्यासाठी एकच बाटली घ्यायची असेल आणि बजेट असेल तर मी ही सांगेन.

बजेट कमी असेल तर सीके वन. १९९४ मध्ये स्त्री-पुरुष दोघांसाठी म्हणूनच आला. साधा, स्वच्छ, कुणाला न खटकणारा. घरात बहीण किंवा बायको वापरू लागली तरी भांडण नाही. टायटनने २०१३ मध्ये आणलेल्या स्किन या मालिकेतल्या हलक्या बाटल्याही याच कामाच्या, आणि त्या आपल्या गावातल्या घड्याळांच्या शोरूममध्ये हुंगायला मिळतात, हा मोठा फायदा.

तेर द हर्मेसवर जरा थांबतो. २००६ चा, ज्यां-क्लोद एलेना यांचा. पहिल्या फवाऱ्याला संत्र्याची साल आणि कडवटपणा येतो, आणि बरेच जण तिथेच नाक मुरडून बाटली खाली ठेवतात. दोन तास द्या. संत्रं विरतं, मिरी बसते, आणि खाली वाळा, सिडार आणि कोरड्या गारगोटीचा वास उरतो. कपाशीच्या काळ्या रानात पेरणीआधी ढेकळं तापलेली असतात, तेव्हा जमिनीतून येतो तसा. खान्देशच्या माणसासाठी मुद्दाम केलाय असं वाटावं इतका तो आपल्या हवेत बसतो. फक्त वय बघा. तिशीच्या पुढे शोभतो; कॉलेजच्या पोराने घातला तर काकांच्या कपाटातला उचललाय असं वाटतं.

*पावसाळा.* दमट हवेत वास रेंगाळतो, पण न वाळलेल्या कपड्यांचा कुबटपणाही रेंगाळतो. आधी कपडे नीट वाळवा, इस्त्री करा. या दिवसांत मला ब्ल्यू द शनेल (२०१०, जाक पोल्ज) चांगला लागतो: ग्रेपफ्रूट, आलं, थोडा धूप, सिडार. ऑफिस, मुलाखत, पाहुणचार, कुठेही चालतो. महाग आहे, आणि खरं सांगायचं तर जितका महाग तितका वेगळा नाही. पण कुठेच चुकत नाही, याचे ते पैसे.

*नोव्हेंबर ते फेब्रुवारी.* आता गोड आणि मसालेदार वासांची पाळी. पाको रबानचा वन मिलियन (२००८) म्हणजे दालचिनी, चामडं आणि भरपूर गोडवा. धुळ्याच्या थंडीत, रात्रीच्या रिसेप्शनला, जाड कोटाखाली तो खुलतो. तोच वैशाखातल्या दुपारच्या लग्नात, पत्र्याच्या मंडपात, पंगतीला बसताना मारला तर शेजारच्याला जेवण जाणार नाही. व्हर्साचेचा एरॉस (२०१२) पुदिना, हिरवं सफरचंद, व्हॅनिला असा. तरुण पोरांचा, नाचगाण्याचा. बंद खिडक्यांच्या ट्रॅव्हल्समध्ये मात्र दया करा.

डिओरचा सोवाज (२०१५, फ्रांस्वा दमाशी) सगळ्यांना माहीत असतो. बर्गमॉट, मिरी आणि खाली ॲम्ब्रॉक्सान नावाचं, अंबरसारख्या वासाचं रसायन. हिवाळ्यात उत्तम, पावसाळ्यात बरा, उन्हाळ्यात एक फवारा. त्याची अडचण अशी, की वरातीत नाचणाऱ्या पोरांपैकी कुणी ना कुणी तोच किंवा त्याची नक्कल मारलेली असतेच, त्यामुळे वेगळेपणा शोधत असाल तर हा नाही. शिवाय ॲम्ब्रॉक्सान काहींच्या नाकाला नीट जाणवतच नाही. असा माणूस "येत नाही, येत नाही" म्हणत सात-आठ फवारे मारतो, आणि बाकीच्यांचं डोकं धरतं.

आखातातून आलेला भाचा किंवा मित्र हमखास आणतो तो अरमाफचा क्लब द न्युई इंटेन्स मॅन. क्रीडच्या अव्हेन्टसशी (२०१०) मिळताजुळता, किमतीच्या फार थोड्या भागात. सुरुवातीचं लिंबू इतकं तिखट की घरचे विचारतात फरशी पुसली का. अर्ध्या तासाने धुरकट, फळाळ होतो आणि तिथून पुढे खरंच छान. घराबाहेर पडण्याच्या अर्धा तास आधी मारा, म्हणजे पहिला झटका भिंतींच्या वाट्याला जाईल.

आणि भरीत पार्टीला काहीच मारू नका. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात असतात, लसूण-मिरचीचा ठेचा परतला जात असतो, त्या धुरापुढे टिकेल अशी बाटली अजून निघालेली नाही. फवारे वाचवा.

६. किती आणि कुठे

उन्हाळ्यात दोन फवारे, पावसाळ्यात दोन-तीन, हिवाळ्यात तीन-चार. जड ईडीपी असेल तर यातून एक कमी. जागा: छाती, मानेची मागची बाजू (कॉलरच्या आत), कोपराची आतली बाजू. सहा इंचांवरून मारा. हवेत ढग करून त्यातून चालत जाण्याने फक्त खोलीला वास लागतो.

साध्या मंगळवारी टपरीवरच्या मित्राने "काय भो, कथा जाई ऱ्हायना?" (कुठे चाललास?) असं विचारलं, तर जास्त झालंय समजा.

काही गोष्टी टाळाच:

- गाडीवर तोंडाला बांधायच्या रुमालावर किंवा गमछ्यावर फवारा नको. जळगाव ते चोपडा तोच वास नाकात ओढत गेलात तर डोकं दुखणारच.
- उन्हात उघड्या राहणाऱ्या मानेवर, चेहऱ्यावर नको. बर्गमॉटच्या तेलात बर्गाप्टेन नावाचा घटक असतो. तो कातडीवर असताना ऊन लागलं की काळे डाग पडू शकतात. नामांकित कंपन्या त्याचं प्रमाण मर्यादित ठेवतात, सुट्या मिळणाऱ्या तेलांची खात्री कुणी देत नाही. मे महिन्यात शर्टाच्या आत छातीवर मारा.
- नुकत्याच केलेल्या दाढीवर आणि हळदीच्या अंगावर नको. झोंबतं.
- देवघरातल्या निरांजनाजवळ किंवा पेटत्या गॅसजवळ नको. बाटलीत बहुतांश अल्कोहोल आहे, ते पेट घेतं.
- दवाखान्यात, दमेकऱ्याच्या घरी, दहाव्या-तेराव्याला नको. सांगायला नको, तरी सांगतो.

७. अत्तराचा रस्ता वेगळा

अल्कोहोल नको असेल, मग कारण धार्मिक असो की कातडीचं, तर अत्तर घ्या. लग्नात अत्तरदाणीतून हातावर लावतात त्या ओळखीवर जाऊ नका, ते बहुतेक वेळा सर्वात स्वस्तातलं असतं. मशिदीजवळच्या जुन्या अत्तरवाल्याकडे जा, गर्दी नसताना. तो काचेच्या काडीने हाताच्या मागच्या बाजूला लावून देतो आणि फाया करून कानात ठेवायलाही देतो. घाई करत नाही. परफ्युमच्या काउंटरपेक्षा इथे जास्त शिकायला मिळतं, हा माझा अनुभव.

उत्तर प्रदेशातलं कनौज हे अत्तराचं माहेर. तिथे तांब्याच्या डेगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुलं आणि पाणी उकळून, वाफ बांबूच्या नळीने भपका नावाच्या दुसऱ्या भांड्यात नेऊन चंदनाच्या तेलात मुरवतात. या अत्तराला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चंदनाचं तेल आता इतकं महाग आहे की बाजारातलं बहुतेक अत्तर दुसऱ्या, स्वस्त तेलात बांधलेलं असतं. शंभर रुपयांच्या कुपीवर "असली गुलाब" लिहिलेलं असलं तरी त्यात गुलाब नसतो. खऱ्या रूह गुलाबची, म्हणजे अस्सल गुलाबाच्या तेलाची, किंमत किलोला लाखांत जाते. वास आवडला तर जरूर घ्या, फक्त असली म्हणून पैसे देऊ नका.

उन्हाळ्याला खस, गुलाब, मोगरा, केवडा. थंडीला हिना, शमामा, ऊद. ही जुनी वाटणी आपल्या हवेला तंतोतंत लागू पडते. खस तर उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांमुळे आपल्या ओळखीचाच. मिट्टी अत्तर एकदा तरी लावून बघा: भाजलेली माती त्याच भपक्यात काढतात आणि वास पहिल्या पावसाचा येतो. फार टिकत नाही, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात, ढग येऊन नुसते जात असतात तेव्हा, मला दुसरं काही लावावंसं वाटत नाही.

अत्तर थेंबभरच, आणि कातडीवर. तांब्याच्या डेगमधून निघालेलं खस हिरवट असतं, पांढऱ्या सदऱ्यावर पडलं तर डाग जात नाही. नवीन अत्तर आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांबा. खाज किंवा लाली आली तर नाद सोडा.

८. पैसे देताना

फर्स्ट कॉपी आणि मिळताजुळता वास यात फरक करा. अरमाफसारखी कंपनी आपल्या नावाने, आपल्या बाटलीत मिळताजुळता वास विकते. फर्स्ट कॉपी म्हणजे दुसऱ्याचं नाव चिकटवलेली, आत काय आहे याचा पत्ता नसलेली बाटली. पहिली घ्यायला हरकत नाही. दुसरी अंगाला लावायची वस्तूच नाही, कितीही स्वस्त असो.

खोक्यावर हे बघा:

- आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष. आयात सौंदर्यप्रसाधनांना केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची नोंदणी लागते, तो क्रमांकही शोधा.
- भारतीय मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत.
- खोक्यावरचा आणि बाटलीच्या तळाचा बॅच नंबर एकच हवा.
- टोपण सैल, फवारा पिचकारीसारखा, लेबल तिरकं असेल तर परत ठेवा.

ऑनलाइन घेताना विक्रेता कोण आहे ते वाचा. ॲप नावाजलेलं असलं तरी विकणारा भलताच असू शकतो. हजारोंची बाटली पाऊण किमतीने कमी मिळत असेल तर ती ती बाटली नाही. "टेस्टर पीस, खोका नाही" म्हणून विकतात त्यापासून नवख्याने लांबच राहावं. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, बिल जपा. बनावट निघालं आणि विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तिथे बिलाशिवाय तक्रार पुढे सरकणं कठीण.

आणि शंभर मिलिची बाटली पहिल्यांदा घेऊ नका. त्यात साधारण हजार फवारे असतात. रोज दोन मारले तरी दीड वर्षाच्या जवळपास पुरते, तोवर आवड बदलते. तीस किंवा पन्नास मिलि घ्या. उन्हाळ्याची एक, हिवाळ्याची एक, एवढ्यावर चांगलं निभतं.

९. ठेवायची कुठे

ऊन, उष्णता आणि उजेड हे तीन शत्रू, आणि आपल्याकडे तिन्ही मुबलक. बाटली खोक्यातच, कपाटाच्या खालच्या खणात ठेवा; वरच्या खणाला स्लॅबची धग लागते. बाथरूममध्ये नको. गाडीच्या डिकीत किंवा कारच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नको, मे महिन्यात तिथे बाटली फुटूही शकते. बाहेर न्यायचं तर दहा मिलिच्या रिकाम्या फवाऱ्याच्या कुपीत थोडं काढून न्या. एकदा उघडलेली पण नीट ठेवलेली बाटली तीन-चार वर्षं सहज जाते. रंग गडद झाला किंवा पहिल्या फवाऱ्याला आंबूस वास आला तर अंगावर मारू नका, कपाटात वापरून संपवा.

महागडी बाटली संपल्यावर भंगारवाल्याला तशीच देऊ नका. लेबल खरवडा, फवाऱ्याचं तोंड पक्कडने मोडा, मग द्या. अशा रिकाम्या बाटल्या भरून परत विकणारे लोक आहेत.